हसऱ्या तोंडावरची टिकली

“आवडली का?” मी विचारलं.

“आवडली की.” गजराकाकूंनी पदराने तोंड पुसलं.

“लाल कागदावरची जास्त आवडली, की हिरव्यावरची?”

“दोनीबी.”

“पण दोन्हींत काहीतरी फरक असेल ना?”

“भाकरी ती भाकरी म्याडम. तिच्यात डावं-उजवं काय करायचं?”

मी त्यांच्या पुढ्यातला कागद उचलला. त्यावर दोन ओळी होत्या, वरची लाल कागदावरच्या भाकरीची, खालची हिरव्यावरचीची. प्रत्येक ओळीत पाच तोंडं. पहिलं खदाखदा हसणारं, मग एकेक उतरत गेलेलं, आणि शेवटचं ढसाढसा रडणारं. तोंडं मीच काढली होती, ऑफिसात बसून, अगदी जीव ओतून. पेन धरायचं म्हटलं की बायका लाजायच्या, म्हणून प्रत्येकीला टिकल्यांचं पाकीट दिलं होतं. भाकरी जशी वाटेल तशा तोंडावर टिकली चिकटवायची, झालं काम. या युक्तीचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं. गजराकाकूंनी दोन्ही टिकल्या हसऱ्या तोंडाच्या बरोबर कपाळावर लावल्या होत्या. माळणबाईच्याही दोन्ही हसऱ्यावर. तिच्या पलीकडचीच्या हसऱ्यावर. अख्ख्या समाजमंदिरात एकही तोंड रडत नव्हतं की साधं हिरमुसलेलंही नव्हतं.

बरं, भाकऱ्या खरंच तशा असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. हिरव्या कागदावरची मीही खाल्ली होती. कडेला चिरा, मधे कोरडी ठाक, आणि घास कितीही घोळवला तरी भुसा चावल्यासारखं वाटायचं. माळणबाई तर त्या तुकड्यावर तांब्याभर पाणी प्यायली होती, माझ्या डोळ्यांदेखत!

“माळणबाई, ठसका लागला ना तुम्हाला?”

“ते मिरचीचं आसंल.”

“मिरची दिलीच नव्हती मी!”

“मग उन्हाचं,” ती म्हणाली आणि शांतपणे उरलेल्या टिकल्या कमरेला खोचून मोकळी झाली.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका ज्वारी संशोधन केंद्रात नोकरीला होते. केंद्राने नवा वाण काढला होता, सतरा नंबर. कमी पाण्यावर यायचा, कणीस घसघशीत, दाणा पांढराशुभ्र, आणि त्यात लोह भरपूर. आमच्या भागातल्या बायकांच्या अंगात रक्त नाही अशी ओरड डॉक्टर लोक कायम करायचे. रोजच्या भाकरीतूनच लोह पोटात गेलं तर किती बरं, असा त्यामागचा विचार. विचारात काही खोट नव्हती. आमचे साहेब डॉ. नेर्लेकर यांनी या वाणापायी निम्मी नोकरी घातली होती. आता एकच पायरी उरली होती. गावात जाऊन लोकांना त्याची भाकरी आवडते का ते तीन फेऱ्यांत मोजायचं आणि आकडे समितीपुढे ठेवायचे. समितीने मान डोलावली की पुढच्या पेरणीला तालुकाभर नेहमीच्या मालदांडी ज्वारीच्या जागी सतरा नंबरचं बी जाणार होतं.

मोजायचं काम माझ्या गळ्यात. म्हणून मी भर एप्रिलात करंजखडीच्या समाजमंदिरात, तापलेल्या पत्र्याखाली, दुसऱ्या फेरीला उकडून निघत होते. पहिल्या फेरीतही टिकल्यांनी हेच केलं होतं.

“अन्न हाय ते म्याडम.” गजराकाकू मला लहान पोरीसारखं समजावायला लागल्या. चव घेणाऱ्या बायकांच्या पॅनेलमधे त्या सगळ्यात वडील, त्यांचा शब्द म्हणजे सगळ्यांचा शब्द. “पुढ्यात आलेल्या अन्नाला नाव ठिवायचं आसतं व्हय? तुमच्या आईनं शिकीवलं न्हाई?”

शिकवलं होतं ना! माझ्या आईनेही हेच शिकवलं होतं, चिमटे काढून शिकवलं होतं. पण आईला काय ठाऊक, पोरगी पुढे भाकरीला मार्क द्यायची नोकरी करणार म्हणून.

“काकू, मी पाहुणी नाही हो. वाईट असेल तर वाईट म्हणायचं. त्यासाठीच हे रडकं तोंड काढलंय!”

“लय ब्येस काढलंय,” माळणबाई म्हणाली. “आमच्या तलाठ्यावानी दिसतंय.”

सगळ्या खो खो हसल्या. मी कपाळाला हात लावला आणि कागद गोळा केले.

भाकऱ्या करायचं काम आम्ही सोजरबाईला दिलं होतं. तिशी उलटलेली, काटक, तोंडाने फटकळ बाई. नवऱ्याने टाकली, माहेरी परत आली, पण भावांपुढे हात पसरला नाही. गावात लग्न असो, जावळ असो, वास्तुशांत असो, भाकरी थापायला सोजर. हायवेवरच्या ढाब्याला रोज दुरडी भरून भाकरी जायची तीही तिचीच. पातळ, परातीएवढी मोठी, तव्यावरून उतरवली की टम्म. तिच्या हाताला गावात नाव होतं आणि त्या नावावरच तिची चूल पेटत होती.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला समोर बसवून बजावलं होतं. पिशव्या दोन, लाल कागदासाठी तांबडी आणि हिरव्यासाठी हिरवी. कशात काय आहे ते विचारायचं नाही. आणि पिठं दोन वेगळी आहेत ही गोष्ट गावात कुणाजवळ, अगदी देवाजवळसुद्धा बोलायची नाही. बोललीस तर बायकांचं मत आधीच ठरून जाईल आणि सगळी चाचणी पाण्यात जाईल. “शपथ घे,” साहेब म्हणाले. सोजरबाईने परातीतल्या पिठावर हात ठेवला आणि शपथ घेतली. तांबड्या पिशवीत मालदांडी होती आणि हिरव्या पिशवीत सतरा नंबर. पॅनेलच्या बायकांना एवढंच माहीत की भाकऱ्या दोन, कागद दोन, आणि दोन्ही सोजरच्या हातच्या.

त्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन मी बाहेर आले तर जीप उभी, ड्रायव्हर गायब. भिंतीच्या सावलीत उभी राहिले. पलीकडे बायका चपला शोधत होत्या.

“हिरव्या कागदावरची खाल्लीस का गं?”

“खातीया कशाची, गिळंना. मागल्या बारीलाबी तशीच व्हती. सोजरचा हात गेला बग.”

“हात कशानं जातोय!” हा आवाज माळणबाईचा. “विरी गेल्यालं जुनं पीठ हितं थापती आन म्याडमनी दिल्यालं ताजं दळान घरी न्हेती. ढाब्याला भाकरी जाती ती मग कशाची?”

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. पीठ जुनं झालं की तो जातो आणि भाकरी थापताना चिरते, हे त्या भागातल्या शाळकरी पोरीलाही कळतं. ताज्या ज्वारीच्या पिठालाच विरी नसेल, ही गोष्ट मात्र त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. कारण जन्मात त्यांनी मालदांडीशिवाय दुसरं काही थापलं नव्हतं.

मी थिजलेच. म्हणजे यांना मत होतं तर! चांगलं सुरीसारखं धारदार मत होतं! फक्त ते भाकरीबद्दल नव्हतं, भाकरी करणारीबद्दल होतं. अन्नाला नाव ठेवायचं नाही, बाईला ठेवायला कुणाची बंदी?

मी तरातरा पुढे गेले. “काय म्हणत होता हो माळणबाई?”

“काय न्हाई म्याडम. भाकरी लय चांगली झालती म्हनत हुते.”

अशी चीड आली म्हणून सांगू! ओठांवर आलेलं सगळं गिळलं, कारण शपथ एकट्या सोजरबाईला नव्हती, मलाही होती. मागच्या बाजूला गेले. सोजरबाई राखेने परात घासत बसली होती, आणि असं घासत होती की परातीला भोक पडावं.

“ऐकलंत तुम्ही?”

“म्या काय भैरी हाय?” तिने मान वर केली नाही. “ढाबेवाल्यानं काल सांगितलं, उद्यापास्नं भाकरी नगं. गेलं आसंल कुनीतरी कानाला लागाय. गजराकाकूच्या नातीचं लगीन हाय, हळदीच्या जेवनाच्या भाकरी माज्याकडं व्हत्या. त्यांनीबी दुसऱ्या गावची बाई ठरीवली. हात गेला म्हनले आसते तर म्या गप ऱ्हायले आसते. मला चोर म्हनत्यात म्याडम.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? दोन पिठं आहेत म्हणून?”

आता तिने परात आपटली.

“शपत कुनी घातली? पिठावर हात ठिवाय लावून? त्याच पिठावर माजं प्वाट हाय, म्या न्हाई मोडनार. पर तुमचं तोंड काय शिवलंय?”

जीपमधे बसले तेव्हा कानशिलं तापली होती, आणि त्यात उन्हाचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पाऊल टाकलं तर साहेब माझ्या टेबलाशी उभे. सगळे कागद पसरलेले आणि चेहरा माझ्या चित्रातल्या पहिल्या तोंडासारखा.

“शंभर टक्के! होनराव मॅडम, दोन्ही फेऱ्यांत शंभर टक्के! मालदांडीच्या तोडीस तोड! असे आकडे मी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत.”

“म्हणूनच सांगते सर, हे आकडेच नाहीत. उद्या ताटात खडी वाढली तरी त्या हसऱ्या तोंडावर टिकली लावतील.”

“आपण खडी वाढत नाही.”

“फार लांब नाही सर. तुम्ही एकदा खाऊन तरी बघा.”

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागले. ही त्यांची राग आवरायची पद्धत. “मी खाल्लीय. मला आवडते.”

“तुम्ही कणकेची पोळी खाणारे सर! तुम्हाला काय कळणार भाकरीतलं?”

हे तोंडातून निघून गेलं खरं. मग मी आवाज खाली आणला आणि सोजरबाईचं सगळं सांगितलं. ढाबा सुटला, लग्नाचं काम गेलं, गाव चोर म्हणतंय. “गावाला एवढंच सांगू द्या की पिठं वेगळी होती. एक वाक्य सर.”

“तिसऱ्या फेरीपर्यंत एक शब्द नाही. आंधळी चाचणी म्हणजे आंधळी चाचणी. आत्ता फोडलं तर समिती सगळं फेकून देईल.”

“तिसरी फेरी लग्नाच्या आदल्या आठवड्यात आहे. तोवर तिने खायचं काय?”

“होनराव मॅडम,” साहेब म्हणाले, “शीटवर तिचा रकाना आहे का?”

ते चेष्टेने बोलले नाहीत. तेच तर संतापजनक होतं! कागदावर रकाना असता तर त्यांनी तिची काळजीही नीटनेटकी भरली असती.

मी घरी येऊन चाचणीची नियमावली वाचायला काढली, नुसती चिडून, भांडायला काहीतरी हाती लागावं म्हणून. त्यात एक ओळ होती, भाकरी स्थानिक स्त्रीकडून स्थानिक पद्धतीने करून घ्यावी. वाचली आणि ताडकन उठून बसले. स्थानिक स्त्री? करंजखडीत तर सगळ्याच स्थानिक होत्या!

तिसऱ्या फेरीला निरोप धाडला की येताना प्रत्येकीने आपापली परात आणा. समाजमंदिराच्या मागे लिंबाखाली चुली मांडून घेतल्या. बायका आल्या, चुली बघून एकमेकींकडे बघायला लागल्या.

“आमी थापायच्या?” गजराकाकूंनी विचारलं. “मग सोजर कशाला हाय?”

“सोजरबाई आज बसून खाणार. तुमच्यासारखी पॅनेलमधे.”

“आग्गं बया!” माळणबाई म्हणाली. “परीक्षा आमची व्हय मग?”

सोजरबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. माझ्याकडे एकदाच बघितलं, मग नजर जमिनीला.

आधी तांबडी पिशवी उघडली. काय सांगू, देखणं दृश्य होतं ते! परातीतून थपथप आवाज, बांगड्यांची किणकिण, आणि एकेक भाकरी पुनवेच्या चंद्रासारखी तव्यावर उतरत होती. बायका खुशीत आल्या. सोजरबाईला ऐकू जाईल अशा आवाजात माळणबाई म्हणालीसुद्धा, “हात आसला की पीठ ऐकतंय.”

मग मी हिरवी पिशवी उघडली.

माळणबाईचीच भाकरी आधी चिरली. तिने कडा दाबल्या, बोटांनी सांधल्या, पुन्हा थापली. दुसरीकडून चिरली. उचलायला गेली तर निम्मी परातीत, निम्मी हातात.

“हितलं पानी जड हाय,” ती म्हणाली.

“हेच पाणी आत्ता तांबड्या पिशवीला घेतलंत.”

“मग परात उथळ हाय.”

“परात तुमच्याच घरची आहे माळणबाई!”

“जाळ मोठा लागलाय.”

“अहो, अजून तव्यापर्यंत गेली कुठे ती!”

शेजारच्या चुलीवरही तेच, पलीकडेही तेच. कुणी पीठ पुन्हा मळत होतं, कुणी सुनेवर खेकसत होतं. शेवटी गजराकाकू उठल्या, पदर खोचला. “सरा बाजूला. एकीलाबी धड येत न्हाई. सोजरला नावं ठिवाय फुडं.”

गजराकाकूंचा हात साठ वर्षांचा. त्यांनी आधी आधण ठेवलं, उकळतं पाणी पिठात घातलं, तळहाताच्या टाचेने मळून मळून पिठाचा जीव काढला. थापली. परातीत तरी गोल राहिली. सगळ्या आपापल्या चुली सोडून जवळ सरकल्या. काकूंनी दोन्ही तळहातांवर अलगद उचलली, तव्यावर टाकली, आणि तव्यावर पडले ते दोन अर्धे तुकडे. त्यांनी दुसरी केली. तिचे तीन झाले.

जीपचा आवाज मला ऐकू आलाच नव्हता, पण मान वळवली तर साहेब समाजमंदिराच्या कोपऱ्याशी उभे होते.

“म्याडम,” काकू म्हणाल्या, “ह्या पिठात विरीच न्हाई.”

“जुनं असेल,” मी म्हणाले.

त्यांनी चिमूट नाकाशी नेली. “जुनं न्हाई. ताजं दळान हाय ह्ये. ज्वारीच तसली हाय.” आणि बोलता बोलता थांबल्या. हळूहळू वळल्या. “सोजे, तुज्या हिरव्या कागदावरच्या भाकरी ह्या पिठाच्या व्हत्या?”

सोजरबाईने माझ्याकडे बघितलं. तिच्यामागून साहेब माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होते, नाही, नाही. बाई एवढं सगळं गमावूनही तोंड मिटून बसली होती, आणि हे अजून मान हलवतायत!

“बोला सोजरबाई,” मी म्हणाले. “शपथ सुटली.”

“होनराव मॅडम!” साहेब ओरडले.

“व्हय,” सोजर म्हणाली. “ह्येच पीठ. पयल्या दिसापास्नं ह्येच. तुमी दोन केल्या काकू, दोनी मोडल्या. म्या येकबी मोडू दिली न्हवती. कडंला चिरत्यात म्हनून येकेक भाकरी दोनदोनदा थापली. आन तुमी मला...” तिने पदर तोंडात कोंबला.

माळणबाई आपल्या परातीकडे बघत बसली. तिथे बघण्यासारखं तुकड्यांशिवाय काही नव्हतं.

साहेब घाईने पुढे आले. “झालं ते झालं. आता तरी शीट भरून घ्या.”

मी कागद वाटले, टिकल्या वाटल्या. मोडक्या तुकड्यांतला एकेक प्रत्येकीने खाल्ला, पाणी प्यायल्या, आणि टिकली लावायला वाकल्या. मी मुद्दाम गजराकाकूंच्या मागे जाऊन उभी राहिले. आणि माझा विश्वास बसेना. टिकली हसऱ्या तोंडावर! माळणबाईची हसऱ्यावर! सगळ्यांच्या, एकजात सगळ्यांच्या!

“अहो!” मी किंचाळलेच. “आत्ता, या क्षणाला, तुमच्या तोंडाने म्हणालात ना, ज्वारीच तसली आहे म्हणून?”

“ते पिठाला म्हनले. आता भाकरी झाली न्हवं तिची.” काकू ओशाळल्या होत्या, पण हटत नव्हत्या. “आन माज्याच हातची हाय. तिला कसं वंगाळ म्हनू?”

साहेबांच्या चेहऱ्यावर जीव परत आला. मला मात्र वाटलं की हे सगळे कागद उचलावेत, चुलीत घालावेत आणि सरळ एसटी धरून घरी जावं. खरंच हात पुढे झाला होता माझा.

तेवढ्यात सोजरबाईने आपला कागद पुढे ओढला. तिने हिरव्या पिशवीच्या भाकरीचा तुकडा आधीच खाल्ला होता, कण न टाकता. टिकली बोटावर घेतली आणि शेवटच्या तोंडावर, रडणाऱ्यावर, अंगठ्याने दाबून चिकटवली.

“अगं सोजे,” गजराकाकू दचकल्या, “अन्नाला नाव...”

“तुमी कुठं अन्नाला नाव ठिवलं काकू?” सोजर म्हणाली. “तुमी मला ठिवलं. वंगाळ भाकरी खाल्ली की कुनाला तरी नाव ठिवावं लागतंयच. तुमी अन्नाला वाचीवलं आन मला चोर केलं.”

गजराकाकूंनी समोरचा तो मोडका तुकडा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, “चुकले गं माय.” ते अन्नाला म्हणाल्या की सोजरला, मला आजही सांगता येणार नाही. तुकडा ताटात ठेवला, नखाने हसऱ्या तोंडावरची टिकली उचकटली आणि रडणाऱ्या तोंडावर लावली.

मग दुसरीने उचकटली, मग तिसरीने. मी तोंड फिरवून चुलीकडे बघत राहिले. माळणबाईची टिकली तेवढी दुसऱ्यांदा चिकटेना. ती तिला थुंकी लावतेय, दाबतेय, टिकली आपली घरंगळतेय. शेवटी तिने हिरव्या पिशवीचं ओलं पीठ घेऊन बघितलं. टिकली पुन्हा पडली.

“ह्येनं टिकलीबी चिकटंना बाई!” ती वैतागून म्हणाली, आणि तांबड्या पिशवीचं चिमूटभर पीठ लावून काम उरकलं. सोजरबाईला त्या रडण्यातही हसू फुटलं.

“हलवलेल्या टिकल्या ग्राह्य धरता येत नाहीत,” साहेब पुटपुटले.

“नका धरू,” मी म्हणाले. “टिकली आधी कुठे होती, नंतर कुठे गेली आणि का गेली, ते मी समितीला तोंडी सांगते.”

परतताना कागद मी मांडीवर घट्ट धरून बसले होते, साहेबांच्या हातात दिलेच नाहीत. निम्म्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत साहेब हलकेच म्हणाले, “लोह होतं हो त्यात, होनराव मॅडम.”

“होतं सर,” मी म्हणाले. त्यांचं वाईट वाटलं मला. राग मात्र गेला नव्हता.

समितीने सतरा नंबर परत पाठवला, भाकरीचं बघा म्हणून. साहेब निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.

गजराकाकूंच्या नातीच्या हळदीला मला आग्रहाचं बोलावणं आलं. मांडवामागे चुलींची ओळ आणि मधोमध सोजरबाई, घामाने निथळलेली, दोन्ही हात पिठात. दुसऱ्या गावच्या बाईला काकूंनी स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं होतं. ढाबेवालाही पुन्हा चकरा मारत होता, आणि सोजर त्याला “बगू की” म्हणून ताटकळत ठेवत होती. मी पंगतीला बसले तर ती चुली सोडून आली आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी तुकडा मोडून आमटीत बुडवला, तोंडात घातला.

“कशी झालीया?” ती कमरेवर हात ठेवून उभी.

“छान! फार छान झालीय सोजरबाई!” घास गिळायच्या आतच मी म्हणाले.

तिने वाकून माझ्या ताटातली भाकरी उलटी केली. मागची बाजू काळीकुट्ट, जळून कोळसा झालेली.

“जाळाकडं ध्यान न्हवतं, करपली,” सोजर म्हणाली. “त्या टिकल्या ऱ्हायल्यात का म्याडम पिशवीत? काढा येक, आन लावा बगू खरी खरी.”